शिवकांताची दस्ती

उमरी
४ डिसेंबर २०२३

ती. धोंडप्पामामांना नमस्कार,

मी शिवकांता, उमरीच्या नागाबाईची मुलगी. नाव वाचून चेहरा आठवला नाही तरी तुमचा दोष नाही. आपली शेवटची भेट माझ्या लग्नात झाली, त्याला बारा वर्षं झाली. मला सख्खा मामा नाही म्हणून आईनं तुम्हाला, तिच्या चुलतभावाला, उदगीरहून बोलावून घेतलं होतं. शेवटची अक्षता पडेपर्यंत माझ्या पाठीमागं मामा म्हणून तुम्हीच उभे होता.

खरं सांगते, तुम्हाला लिहायचं माझ्या मनात नव्हतं. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा मी स्वतः तुम्हाला फोन केला. तुम्ही "हाव, हाव, बरं हाय" म्हणालात आणि फोन ठेवलात. मातीला आला नाहीत. तो राग अजून आहे. पण काम असं पडलंय की तुमच्याशिवाय कोणी दिसत नाही. फोनवर बोलायची आता हिंमत नाही, म्हणून पत्र.

विरूपाक्ष, माझा नवरा, नऊ वर्षांपूर्वी गेला. भांडण नाही, तंटा नाही. देवणीच्या बैलबाजाराला जाऊन येतो म्हणाला आणि तिकडंच राहिला. तिथं त्याचा दुसरा संसार आहे, एक मुलगी आहे. हे आईला आणि मला, दोघींनाच माहीत. उमरीत मी सगळ्यांना सांगत आले की नवरा हैदराबादला कंपनीत आहे आणि त्याला सुटी मिळत नाही. आईनं शपथ घातली होती, मी असेपर्यंत कोर्टाची पायरी चढू नको. आता ती नाही. मी अंगणवाडीत शिकवते. दुपारपर्यंत बत्तीस लेकरं अंगावर असतात. नंतर घराचं कुलूप काढायचं आणि आत कोणाशी बोलायचं नाही.

मी नांदेडच्या कोर्टात फारकतीचा अर्ज टाकलाय. समन्स दोनदा देवणीला गेलं आणि दोनदा तसंच परत आलं. वर शेरा, "सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही." समन्स त्याच्या हातात पडल्याशिवाय केस पुढं सरकत नाही. माझ्या वकीलबाई उज्वलाताई म्हणाल्या, समन्स पोचवायला आपलाच एखादा माणूस नेमून द्या असा कोर्टाला अर्ज करू. भरवशाचा माणूस आहे का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही उदगीरच्या कोर्टात बेलिफ होता. लोकांच्या दारात समन्स नेऊन देण्यात तुमचा जन्म गेला. अर्जात तुमचं नाव घालू का?

शिवकांता


उदगीर
१२ डिसेंबर २०२३

शिवकांता, बाळ,

पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा वाटलं, चुकून आला. एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात कागद घेऊन गेलो. मला बघून बाया पदर सावरत आत पळायच्या आणि माणसं मागच्या दारानं शेतात जायची. माझ्या दारात माझ्या नावाचा कागद घेऊन कोणी आलं नव्हतं. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

आधी त्या फोनचं सांगतो. सहा वर्षांपासून माझे दोन्ही कान गेलेत. यंत्र लावलं तर नुसती घरघर होते. फोन थरथरला की मी उचलतो, हाव हाव म्हणतो आणि ठेवतो. समोरच्याला बरं वाटावं एवढ्यासाठीच. त्या दिवशीही तेच केलं. नागाबाई गेल्याचं मला आठ दिवसांनी धोतर घ्यायला गेलो तेव्हा दुकानात एकानं पाटीवर लिहून दाखवलं. तू रडत असशील आणि मी "बरं हाय" म्हणालो असेन. हे आता तुझ्याकडून कळलं. मला माफ कर.

तुझी मामी सरजाबाई जाऊन पाच वर्षं झाली. लेक पुण्याला आहे. रविवारी मोबाईलच्या काचेवर त्याचं तोंड दिसतं. ते हलतं, मी मान डोलावतो. त्यालाही बरं वाटतं.

माझं नाव अर्जात बेशक घाल. आमच्या कामात एकच अक्कल लागते. दाराशी जाऊन "तुम्हीच का ते?" असं कधी विचारायचं नाही. माणूस सरळ न्हाई म्हणतो. त्याच्या पाठीमागं उभं राहायचं, नावानं हाक मारायची आणि मान बघायची. तोंड खोटं बोलतं, मान वळल्याशिवाय राहत नाही. त्याला कानाची गरज नाही, डोळे माझे शाबूत आहेत.

आणि अजून एक. एकतीस वर्षांत घरी बसून "मिळून आला नाही" असं मी एकदाही लिहिलं नाही. तुझ्या वकीलबाईंना हे सांग.

धोंडप्पा


उमरी
९ जानेवारी २०२४

मामा,

तुमचं पत्र वाचून मी अंगणवाडीच्या भांडारात जाऊन रडले. वर्षभर ज्या गोष्टीचा राग धरला ती घडलीच नव्हती. माफी तुम्ही नाही, मी मागायची.

आता एक गंमत ऐका. उज्वलाताईंचा फोन आला, अर्ज मंजूर झाला, उद्या कोर्टात या, दस्ती घ्यायची आहे. आपल्याकडं दस्ती म्हणजे हातरुमाल. मला वाटलं, फारकतीच्या केसमध्ये बाया रडत असतील म्हणून आधीच सांगून ठेवत असतील. नांदेडच्या बसस्टँडवर एक नवीन पांढरी दस्ती घेतली, निळ्या काठाची. कोर्टात कारकुनानं विचारलं, "दस्ती कोणाची हाय?" मी पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळा विभाग हसला. मग उज्वलाताईंनी सांगितलं, कोर्टात दस्ती म्हणजे हातोहात द्यायचं समन्स. मीही हसले. कितीतरी दिवसांनी चार माणसांत हसले.

समन्स, अर्जाची नक्कल आणि तुमच्या नेमणुकीचा हुकूम सोबत आहे. सगळं त्याच दस्तीत बांधून पाठवते. कागद विरूपाक्षचे, दस्ती तुम्हाला.

आता काळजीचं. पुढची तारीख ११ मार्च आहे. जज्जसाहेबांनी सांगितलंय, ही शेवटची संधी. तोवर समन्स लागलं नाही तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स द्यावं लागेल. म्हणजे माझं नाव, त्याचं नाव, उमरी, फारकत, सगळं छापून येणार. इथं चहाच्या टपरीवर पेपर मोठ्यानं वाचतात. हैदराबादची गोष्ट नऊ वर्षं सांभाळली, ती टपरीवर मोडावी असं मला वाटत नाही. ती मोडायचीच आहे, पण मला माझ्या तोंडानं मोडायची आहे. तेवढं तुमच्या हातात आहे.

तुमची शिवकांता


उदगीर
२७ जानेवारी २०२४

बाळ शिवकांता,

दस्तीची गंमत वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. किती मोठ्यानं ते मला कळलं नाही, पण शेजारची बाई दारात येऊन बघून गेली.

बाजाराच्या दिवशी देवणीला जाऊन आलो. समन्सावर लिहिलेलं घर त्यानं केव्हाच सोडलंय, म्हणून कागद परत येत होते. त्यात बेलिफाची चूक नाही. आता बाजाराच्या तोंडाला त्याचं दुकान आहे. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा असा माल. पण दुकान बंद होतं. मी चार वाजेपर्यंत थांबून परत आलो. तू मनाला लावून घेऊ नको. बाजार मात्र बघण्यासारखा होता. देवणी वळूचं कपाळ किती भरदार असतं, तू कधी बघितलंयस का? लग्नात विरूपाक्षचे कुरळे केस होते ना, सगळे गेले, टक्कल पडलंय. वय कोणाला सोडत नाही.

पुन्हा जाईनच. तोवर तू लिही. त्या बत्तीस लेकरांची नावं लिही. रडणारं कोण, खिचडी सांडणारं कोण, सगळं लिही. तू जेवतेस कधी? दार उघडलं की पहिल्यांदा काय करतेस? मी आलो की आधी चूल पेटवतो. भूक नसली तरी. जाळ दिसला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

मामा


उमरी
८ फेब्रुवारी २०२४

मामा,

लेकरांची यादी वेगळ्या कागदावर लिहिली आहे. रडण्यात पहिला नंबर बालाजीचा. ज्ञानेश्वरी रडत नाही, दुसऱ्याला रडवते. मदतनीस पंचशीलाबाई म्हणते, ही मोठेपणी वकील होणार.

दार उघडलं की मी पहिल्यांदा रेडिओ लावते. ऐकत नाही, नुसता लावते. तुमच्या चुलीचं वाचलं आणि एकदम जवळचं वाटलं. माझं असं कोणी विचारत नाही मामा. हैदराबादच्या नवऱ्याची विचारपूस होते, माझी नाही.

पण एवढं करा, पुन्हा लवकर जा. महिना उरला आहे. झोप लागत नाही.

शिवकांता


उदगीर
२० फेब्रुवारी २०२४

शिवकांता,

यादी भिंतीला लावली आहे. बालाजीच्या रडण्याला औषध म्हणजे त्याला कामाला लावायचं, घंटा वाजवायला दे.

पुन्हा जाऊन आलो. तो गावाला गेलाय म्हणाले. कधी येईल ते कोणालाच नक्की माहीत नाही. तारखेला अजून अवकाश आहे, धीर धर. नागाबाई लहानपणी चिंचेच्या झाडावर चढून बसायची आणि मी खालून आवाज द्यायचो, हे तुला तिनं कधी सांगितलं होतं का? पुढच्या पत्रात तिच्याबद्दल लिही. शेवटी ती काय बोलत होती, ते मला कोणी सांगितलं नाही.

उत्तर लवकर दे. पोस्टमन अकराला येतो.

मामा


उमरी
२६ फेब्रुवारी २०२४

धोंडप्पामामा,

काल तुमची सगळी पत्रं काढून ओळीनं वाचली. २७ जानेवारीच्या पत्रात तुम्ही लिहिलंय, दुकान बंद होतं. आणि चार ओळींखाली लिहिलंय, त्याला टक्कल पडलंय. बंद दुकानाच्या फळ्यांतून टक्कल दिसत नाही मामा. लग्नानंतर तुम्ही त्याला पाहिलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशी तो तुम्हाला दिसला, आणि तुम्ही कागद खिशात ठेवून परत आलात.

का, तेही मला कळलंय. लग्नात मामा म्हणून उभे होता ना, आता ते लग्न तुमच्या हातानं मोडवत नसेल. दोघांना समजावू, पुन्हा जुळवू, असं काही मनात असेल. आई पण हेच करायची. माझं भलं कशात आहे हे सगळ्यांना कळतं, मलाच तेवढं कळत नाही.

मी तुम्हाला आईच्या जागी धरलं होतं. घरात काय करते, काय खाते, सगळं लिहिलं. इतकं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ११ तारखेला चौदा दिवस आहेत. तुमच्याकडून होणार नसेल तर कागद परत पाठवा. पेपरात छापून येऊ दे. निदान पेपर आपण पेपरच आहोत असं सांगतो.

शिवकांता


उदगीर
३ मार्च २०२४

शिवकांता,

आधी कामाचं. काल, २ मार्चला, दुपारी दीड वाजता, समन्स आणि अर्जाची नक्कल विरूपाक्षच्या हातात समक्ष दिली. त्यानं सही केली. सहीचा कागद आणि माझं शपथपत्र सोबत आहे. आज रविवार, उद्या सकाळीच रजिस्टर पोस्टानं पाठवतो, ११ च्या आत पोचेल. तुझं नाव पेपरात येणार नाही.

आता माझं. तू लिहिलंस त्यापेक्षा माझा गुन्हा हलका आहे आणि जास्त लाजिरवाणा आहे. तुमचं जुळवावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पहिल्या वेळी मी त्याच्या मागं दहा पावलांवर उभा होतो. "विरूपाक्षा" म्हणून हाक मारली आणि मान वळली. कागद छातीशी होता. तेवढ्यात मनात आलं, हा दिला की काम संपलं. काम संपलं की शिवकांताचं पत्र कशाला येईल? आणि मी वळून एसटीत बसलो. दुसऱ्या वेळी तर देवणीला गेलोच नाही. उदगीरच्या स्टँडवर बाकावर बसलो आणि घरी आलो. घरी बसून "मिळून आला नाही" असं लिहिलं. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते तुझ्या बाबतीत केलं, आणि तू तिकडं झोपत नव्हतीस. याला मी काय म्हणू? अकरा वाजता पोस्टमन येतो त्याच्यासाठी मी तुझी तारीख पणाला लावली.

काल दिलं कसं तेही सांगतो. कागद बघितल्याबरोबर त्यानं दोन्ही हात मागं घेतले. त्याचे ओठ मला वाचता आले, "कोरटाचं असल तर म्या घेत न्हाई." तेव्हा मी सगळे कागद तुझ्या दस्तीत ठेवले, गाठ मारली आणि पुढं केलं. म्हणालो, "शिवकांतानं दस्ती पाठवली हाय." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो बघत राहिला आणि त्यानं हात पुढं केला. गाठ सोडली, आतला शिक्का बघितला, तिथंच दोरांच्या ढिगावर बसला. मग मी दिलेल्या पेनानं गुमान सही केली.

नंतर तो काहीतरी बोलला. मला कळेना. मी म्हणालो, लिहून दे. त्यानं पावतीपुस्तकाच्या पाठीवर एक ओळ लिहिली. ती तुला पाठवू की नको, याचा रात्रभर विचार केला. तुझा एक कागद मी पाच आठवडे दाबून ठेवला, दुसरा ठेवणार नाही. चिठ्ठी सोबत आहे. लिहिलंय, "ती बरी आहे का?" मी सांगितलं, बरी आहे, बत्तीस लेकरं सांभाळते.

दस्ती त्याच्या हातात राहिली होती. मी हात पुढं केला आणि परत घेतली. तिच्यावर त्याचा हक्क नाही. माझाही आता नाही, पण पाठवत नाही. तेवढं माफ कर. या पत्राला उत्तर देऊ नकोस असं मीच म्हणायला पाहिजे. म्हणवत नाही.

धोंडप्पा


उमरी
१४ एप्रिल २०२४

मामा,

सहा आठवडे लिहिलं नाही. पहिले दोन आठवडे राग होता. पुढचे चार, काय लिहावं ते सुचत नव्हतं.

११ तारखेला तो आला होता. खरंच टक्कल पडलंय. लांबच्या बाकावर बसला. साहेबांनी विचारलं तेव्हा हरकत नाही म्हणाला. बहुतेक पावसाळ्यापर्यंत निकाल लागेल. चिठ्ठी मी आठ दिवस डाळीच्या डब्यात ठेवली, मग फाडली. नऊ वर्षांपूर्वी विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं.

ते झाल्यावर एक दिवस अंगणवाडी सुटली आणि मी पंचशीलाबाईला बसवून घेतलं. म्हटलं, माझा नवरा हैदराबादला नाही. कधीच नव्हता. ती तांदूळ निवडत होती, तिनं वर पण बघितलं नाही. म्हणाली, "ठाऊक हाय बाई. समद्या उमरीला ठाऊक हाय. तुमीच बोलंना, मंग आमी कसं बोलावं?"

त्यांना पाच वर्षांपासून माहीत होतं मामा. बैल घ्यायला देवणीला गेलेल्या कोणीतरी त्याला बघितलं होतं. माझी लाज राहावी म्हणून हैदराबादची खुशाली विचारत होते. मी त्यांच्यासाठी खोटं बोलत होते आणि ते माझ्यासाठी. इतकी वर्षं मी दार लावून, रेडिओ लावून बसले आणि बाहेर सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी घरी आले आणि रेडिओ लावायचं विसरले. पंचशीलाबाई संध्याकाळी भाकरी घेऊन आली होती.

तेव्हा मला तुमचा विचार आला. तुम्ही पाच आठवडे खोटा रिपोर्ट दिलात, मी नऊ वर्षं. दोघांचं कारण एकच, एकटं पडायची भीती. मग मी तुमच्यावर कशाला रागावू? माझी झोप गेली ते मात्र मी विसरणार नाही, अधूनमधून बोलून दाखवेन. ते तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून लिहून दाखवेन.

केस संपली तरी पत्र येईल. महिन्याला एक. सुटीत उदगीरला येते, चूल तुम्ही पेटवा, भाकरी मी करते. आई शेवटी काय बोलत होती तेही तेव्हा सांगेन, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दस्ती तुमचीच आहे. बालाजी आता घंटा वाजवतो, रडत नाही.

हे पत्र मिळाल्याची पोच द्या. नेहमीसारखी नको, बेलिफ देतात तशी.

तुमची शिवकांता


उदगीर
१९ एप्रिल २०२४

रिपोर्ट

आज रोजी सकाळी अकरा वाजता शिवकांता, रा. उमरी, यांचे पत्र बजावणीस आले. सदर इसम धोंडप्पा दिलेल्या पत्त्यावर, राहत्या घरी, समक्ष मिळून आला. इसमाने पत्र हातात घेतले, वाचले, मजकूर समजला असे सांगितले. इसमाचे डोळे ओले असल्याने दस्ती वापरावी लागली. नक्कल भिंतीला लावली. हा रिपोर्ट खरा आहे.

सही
धोंडप्पा